स्क्रीन प्रिंटिंगच्या छोट्या धंद्यासाठी यंत्रसामग्री: पैसा कशासाठी, किती आणि कुठून

टी-शर्ट छपाईत उतरणाऱ्याला पहिल्यांदा प्रेसच (शर्ट छापायचं यंत्र) दिसतो. चार हातांचा (एका हातावर एका रंगाचा स्क्रीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेली डिझाइनची जाळी), सहा हातांचा, मग आपोआप फिरणारा. त्यामुळे कर्जाचा अर्जही प्रेसच्या किमतीवरच लिहिला जातो. प्रत्यक्षात छोट्या कारखान्यातलं काम अडतं ते बहुतेक वेळा शाई पक्की करणाऱ्या ड्रायरपाशी, स्क्रीन तयार करण्याच्या खोलीत किंवा खेळत्या भांडवलापाशी. चुकीच्या यंत्रासाठी घेतलेलं कर्ज फेडायला लागणारा वेग ते यंत्र देऊ शकत नाही. म्हणून हा लेख पैशाच्या स्रोतांपासून नाही, तर मोजमापापासून सुरू होतो.

पायरी १: काम कुठे अडतंय ते मोजा

धंदा आधीच चालू असेल तर दोन-तीन आठवडे प्रत्येक ऑर्डरची एक साधी नोंद ठेवा: किती शर्ट, किती रंग, स्क्रीन तयार करायला किती वेळ, प्रेसवर बसवून रंग जुळवायला किती, छापायला किती, शाई पक्की करायला किती, आणि किती नग वाया गेले. वही पुरते. तीन आठवड्यांनी वही उघडली की अडथळा आपोआप दिसतो.

सगळ्यात जास्त दिसणारा अडथळा शाई पक्की करण्याचा. प्लॅस्टिसॉल (तापवल्यावरच पक्की होणाऱ्या) शाईचा सगळा थर, फक्त वरची साय नाही, साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. कमी तापमानाच्या शाया १३० अंशांच्या आसपास पक्क्या होतात. सुरुवातीला बरेच जण फ्लॅश ड्रायरखाली (शर्टाच्या वर आणायचा सपाट हीटर) एकेक शर्ट धरून हे काम करतात. एका शर्टाला ३० ते ४० सेकंद, वर उचलठेव. तेवढ्यात छापणारा रिकामा उभा. शिवाय काळ्या शर्टावर पांढरा अंडरबेस (रंगांखालचा थर) टाकला की पुढच्या रंगाआधी तो थर सुकवायलाही तोच ड्रायर हवा असतो. एकाच ड्रायरवर दोन कामं पडतात आणि प्रेस निम्मा वेळ थांबलेला राहतो. अशा ठिकाणी मोठा प्रेस आणला तर थांबण्याचा वेळ वाढतो, उत्पादन वाढत नाही.

कन्व्हेअर ड्रायरची (यात शर्ट चालत्या पट्ट्यावरून तापत जातात) क्षमता काढायचं गणित सोपं आहे आणि ते विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर न सोडता स्वतः करावं. समजा तापणाऱ्या कक्षाची लांबी ९० सेंटिमीटर आहे आणि तुमच्या शाईला आत ६० सेकंद राहावं लागतं. म्हणजे पट्टा मिनिटाला ९० सेंटिमीटर चालणार. पट्ट्यावर एका वेळी एकच शर्ट आडवा मावतो आणि मोकळ्या जागेसह तो ७० सेंटिमीटर घेतो. मिनिटाला १.२८ शर्ट, तासाला सुमारे ७७. आता त्याच ड्रायरवर पाण्यावर आधारित शाई घ्या. तिच्यातलं पाणी आधी उडून जावं लागतं, म्हणून आतला वेळ १२० सेकंद धरला तर तासाला जेमतेम ३८ शर्ट. तासाला ३०० शर्ट छापू शकणारा ऑटोमॅटिक प्रेस या ड्रायरपुढे ठेवला तर कारखाना ३८ ते ७७ शर्टांचाच राहतो. हप्ता मात्र ३०० शर्टांच्या यंत्राचा.

धंदा अजून सुरूच झाला नसेल तर मोजायला काही नसतं. तेव्हा पहिल्या काही ऑर्डरी घेऊन छपाई दुसऱ्या कारखान्याकडून जॉबवर्कवर करून घ्या. नफा कमी सुटतो, पण कोणत्या आकाराच्या, किती रंगांच्या ऑर्डरी तुमच्याकडे येतात हे यंत्रात पैसा अडकवण्याआधी कळतं. शाळा-क्लबांच्या एकरंगी ५० नगांच्या ऑर्डरी येणाऱ्याला सहा रंगांचा प्रेस लागत नाही.

पायरी २: यादी पूर्ण करा

कर्ज कमी पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अपुरी यादी. प्रेस, फ्लॅश, ड्रायर, एक्सपोजर युनिट (प्रकाशाने स्क्रीनवर डिझाइन उतरवणारं यंत्र) एवढं लिहून माणूस थांबतो. यादीत पुढच्या गोष्टीही हव्यात.

फ्रेम किती लागतात ते असं काढा: आठवड्याला ६ ऑर्डरी, सरासरी अडीच रंग, म्हणजे १५ स्क्रीन कामात. तेवढेच धुण्यात, सुकण्यात किंवा इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारा लेप) लावून वाट पाहत. एकूण ३०. दहा फ्रेमवर धंदा सुरू करणारा रोज रात्री स्क्रीन धूत बसतो आणि ओल्या जाळीवरच इमल्शन लावतो. मग एक्सपोज करूनही धुताना डिझाइन निघून जातं. फ्रेम ॲल्युमिनियमच्या घ्या. लाकडी फ्रेम पाण्याने वाकते, ताण उतरतो आणि दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. जाळी मिश्र ठेवा: गडद कापडावर पांढऱ्यासाठी इंचाला ११० ते १५६ धाग्यांची, बारीक रेषा आणि हाफटोनसाठी (ठिपक्यांनी दाखवलेल्या छटा) २३० ची.

त्यानंतर स्कूप कोटर (इमल्शन लावायचं पात्र), ६०, ७० आणि ८० कडकपणाचे स्क्वीजी (शाई ओढायच्या रबरी पट्ट्या), धुण्याचं टाकं, प्रेशर वॉशर, आडवे रॅक, पिवळा दिवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवणारं डीह्युमिडिफायर, पॉझिटिव्ह (डिझाइनची पारदर्शक फिल्म) काढायचा प्रिंटर आणि त्याचं सॉफ्टवेअर, लहान मुलांच्या कपड्यांचे आणि बाह्यांचे वेगळे पॅलेट (शर्ट चढवायच्या फळ्या), तापमान मोजायची गन. गन पृष्ठभागाचंच तापमान दाखवते, म्हणून जमलं तर शाईत टेकवायचा प्रोबही घ्या. शर्ट धुतल्यावर शाई तडकून परत आलेल्या एका मोठ्या ऑर्डरपुढे प्रोबची किंमत काहीच नाही.

प्रेसचा आकार बदलला की बदलांची साखळीच सुरू होते, आणि ही गोष्ट कोटेशनमध्ये कधीच लिहिलेली नसते. हाताच्या प्रेसवर २० बाय २४ इंचांच्या फ्रेम चालतात. ऑटोमॅटिकवर साधारण २३ बाय ३१ इंचांच्या लागतात. म्हणजे जुन्या फ्रेम बाजूला. मोठी फ्रेम जुन्या एक्सपोजर युनिटच्या काचेवर मावत नाही, म्हणून ते बदला. कोटर रुंद हवा, धुण्याचं टाकं मोठं हवं, रॅक मोठे हवेत. प्रेस हवेवर चालणारा असेल तर कॉम्प्रेसर आणि हवेतली ओल काढणारा एअर ड्रायर हवा, कारण ओली हवा व्हॉल्व्ह खराब करते. शिवाय वाहतूक, यंत्र उतरवण्यासाठी फोर्कलिफ्ट, दारातून ते आत जाईल का याची मापं, जमिनीची सपाटी.

वीज वेगळी तपासा. हीटर हे सगळ्यात जास्त वीज ओढणारं यंत्र. ३ किलोवॅटचा फ्लॅश २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर घेतो. तो आणि ड्रायर एकाच लाइनवर असले तर फ्यूज उडतो, तोही ऐन ऑर्डरीत. इलेक्ट्रिशियनला सगळ्या यंत्रांच्या पाट्यांवरचे आकडे देऊन एकूण भार काढून घ्या. थ्री-फेज जोडणी किंवा भारवाढ लागणार असेल तर तिचा खर्च आणि लागणारा वेळ दोन्ही योजनेत लिहा. जोडणीची वाट पाहत यंत्र खोक्यात पडून असतं आणि हप्ता सुरू झालेला असतो.

या सगळ्या यादीला दोन भागांत तोडा. जे तीन वर्षांहून जास्त टिकतं ते एका बाजूला: प्रेस, ड्रायर, एक्सपोजर, फ्रेम, कॉम्प्रेसर. जे महिन्यात संपतं ते दुसऱ्या बाजूला: शाई, इमल्शन, टेप, पॅलेटचा गोंद, रसायनं, कोरे शर्ट. पहिल्या भागाला मुदत कर्ज, दुसऱ्याला खेळतं भांडवल.

पायरी ३: हप्ता कुठल्या शर्टांतून निघणार

इथे आकडे रुपयांतले समजू नका, फक्त प्रमाण पाहा. गिऱ्हाइकाने स्वतःचे शर्ट आणून दिले आणि एका शर्टाच्या छपाईचे १०० मिळाले. शाई, इमल्शन, टेप मिळून १८. खराब निघालेल्या नगांचा भार ५. मजुरी २५. वीज ४. उरले ४८. नव्या यंत्राचा हप्ता १२,००० आणि त्याचा विमा-देखभाल २,४०० असेल, तर महिन्याचे १४,४०० भागिले ४८, म्हणजे ३०० शर्ट.

हे ३०० शर्ट जादाचे हवेत. आज जे छापता आहात त्यांचं उत्पन्न आधीच भाडं, पगार आणि घर चालवतंय. नव्या यंत्रामुळे जे वाढणार तेवढेच शर्ट या हिशोबात धरायचे. नवीन माणसाची चूक इथेच होते. तो सगळे शर्ट मोजतो आणि हप्ता हलका वाटतो.

दुसरी अट मंदीच्या महिन्याची. स्क्रीन प्रिंटिंगचं काम एकसारखं येत नाही. स्पर्धा, मेळावे, शाळेची सुरुवात अशा वेळी गर्दी आणि मध्ये शांतता. सगळ्यात थंड महिन्यात जादाचे १८० शर्टच आले तर १२० शर्टांची, म्हणजे ५,७६० ची तूट पडते. अशी किती महिने तूट पडेल ते मोजा आणि तेवढी रक्कम कर्ज घेण्याआधी बाजूला ठेवा. आमचं मत ठाम आहे: तीन हप्त्यांइतकी गंगाजळी नसेल तर यंत्राची खरेदी पुढे ढकलावी.

सावकारही हेच वेगळ्या भाषेत विचारतात. वर्षभरात खर्च वजा जाता हाताशी राहणारी रक्कम भागिले वर्षभराचे हप्ते, हे प्रमाण १.२५ किंवा वर असावं अशी अपेक्षा सर्रास असते. तुमचं प्रमाण १.० आणि १.२५ च्या मध्ये येत असेल तर यंत्र लहान घ्या किंवा स्वतःचा हिस्सा वाढवा. मुदत वाढवूनही हप्ता उतरतो, पण त्याची किंमत पाहा. १०० चं कर्ज, घटत्या शिलकीवर १२ टक्के व्याज: ३६ महिन्यांत एकूण सुमारे ११९.६ भरता, ६० महिन्यांत सुमारे १३३.५. आणि पाच वर्षांत एक्सपोजरचे दिवे, पट्टा, हीटर बदलावे लागू शकतात. यंत्राचं उपयोगी आयुष्य संपायच्या आत कर्ज संपलं पाहिजे.

पायरी ४: पैसा कुठून

स्वतःची बचत. पहिला संच, म्हणजे हाताचा प्रेस, फ्लॅश, लहान एक्सपोजर आणि पुरेशा फ्रेम, शक्य असेल तर यातूनच उभा करावा. कारण साधं आहे: पहिल्या सहा महिन्यांत नासाडी जास्त असते आणि दर चुकतात. त्या काळात डोक्यावर हप्ता असला की माणूस मिळेल त्या दरात काम घेतो. मात्र सगळी बचत यंत्रात घालू नका.

घरचे आणि मित्र. रक्कम, परतफेडीच्या तारखा, व्याज असेल तर दर, आणि धंदा थांबला तर काय, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या. पैसे देणारा भागीदार आहे की सावकार, हे त्याच कागदावर स्पष्ट असू द्या. काही वर्षांत फिटणाऱ्या ड्रायरसाठी धंद्यातली कायमची मालकी देणं महाग पडतं.

मुदत कर्ज. बँक किंवा पतसंस्था किमतीचा काही भाग स्वतःचा हिस्सा म्हणून मागते, यंत्र नजरगहाण (तुमच्याच ताब्यात, पण कर्जाला तारण) ठेवते, कधी तारण किंवा जामीनदार मागते. रक्कम बहुतेक वेळा थेट विक्रेत्याला जाते, म्हणून कोटेशन पक्कं हवं. व्याज सपाट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर (उरलेल्या मुदलावर), हा पहिला प्रश्न विचारा. १०० च्या कर्जावर तीन वर्षं सपाट १० टक्के म्हणजे एकूण १३० ची फेड, महिना ३.६१. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा दर जवळपास १८ टक्के होतो. दहा टक्क्यांचं सपाट कर्ज बारा टक्क्यांच्या घटत्या कर्जापेक्षा खूपच महाग असतं, आणि दोन्हीकडचे हप्ते एका कागदावर मांडल्याशिवाय ते दिसत नाही. प्रक्रिया शुल्क, विम्याची सक्ती आणि मुदतीआधी फेडल्यास दंड, हे तीन आकडे लेखी घ्या.

विक्रेत्याचे हप्ते. यंत्र विकणाराच बिनव्याजी बारा हप्ते देऊ करतो. त्याला विचारा, रोख दिले तर किती? रोखीत १० टक्के सूट असेल तर खरी किंमत ९० आणि तुम्ही बारा महिन्यांत १०० भरता आहात. वर्षाला सुमारे २० टक्के व्याज झालं. काही वेळा तेही परवडतं, कारण कागदपत्रं कमी आणि यंत्र आठवड्यात मिळतं. पण बिनव्याजी समजून सही करू नका.

भाडेपट्टा. महिन्याचं भाडं भरायचं आणि मुदत संपल्यावर यंत्र परत, किंवा ठरलेल्या किमतीत विकत. शेवटची किंमत करारात आकड्यात लिहिलेली हवी. ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ असं असेल तर एकूण खर्च मोजताच येत नाही. दुरुस्ती कुणाकडे, करार मध्येच मोडला तर किती भरायचं, यंत्र दुसऱ्या जागी हलवता येतं का, हे वाचा. साध्या हाताच्या प्रेससाठी भाडेपट्टा सहसा पटत नाही, तो पंधरा-वीस वर्षंही चालू शकतो. पॉझिटिव्हचा प्रिंटर किंवा इलेक्ट्रॉनिक भाग जास्त असलेलं यंत्र, जे लवकर जुनं होतं, त्याला भाडेपट्टा शोभतो.

अनुदान. छोट्या उद्योगांसाठीच्या अनुदानांत तीन अटी पुन्हा पुन्हा दिसतात: मंजुरीच्या आधी केलेली खरेदी चालत नाही, यंत्र नवीन हवं, आणि रक्कम खर्च झाल्यानंतर मिळते. पहिल्या अटीत सगळ्यात जास्त लोक अडकतात. आगाऊ रक्कम भरून यंत्र बुक केलं आणि मग अर्ज केला, तर तो फेटाळला जाऊ शकतो. तिसऱ्या अटीमुळे अनुदान मिळेपर्यंतचा सगळा पैसा तुम्हालाच उभा करावा लागतो. म्हणून अनुदान न मिळताही परवडणारी योजना आखा आणि मिळालं तर त्यातून कर्ज कमी करा.

गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम. नावाचे, लोगोचे शर्ट दुसऱ्याला विकता येत नाहीत, त्यामुळे ऑर्डरसोबत ५० टक्के मागणं रास्त आहे. त्यातून कोरे शर्ट आणि शाई येते, खेळत्या भांडवलाची गरज निम्म्यावर येते. या पैशातून यंत्र घेऊ नका. तो पैसा माल देईपर्यंत गिऱ्हाइकाचाच असतो. तो प्रेसमध्ये घातला की पुढच्या ऑर्डरच्या आगाऊ रकमेतून मागच्या ऑर्डरचे शर्ट आणावे लागतात, आणि एक महिना मंदी आली की ही साखळी तुटते.

आगाऊ नोंदणीची विक्री. एखादं डिझाइन ठरावीक दिवसांसाठी नोंदणीला ठेवायचं, पैसे आधी घ्यायचे, मुदत संपली की एकदम छापायचं. स्क्रीन प्रिंटिंगला हे फार सोयीचं, कारण स्क्रीन बसवण्याचा खर्च दहा नगांना आणि शंभर नगांना सारखाच असतो, त्यामुळे नग वाढले की एका नगावरचा खर्च उतरतो. अनेक छोटे कारखाने अशा दोन-तीन विक्रींच्या नफ्यातून फ्रेम आणि एक्सपोजर युनिट उभं करतात. शेवटची तारीख, साइज आणि पाठवण्याची तारीख नीट लिहा. टपाल आणि ज्या मंचावरून विक्री केली त्याचं शुल्क आधी वजा करा, नफा मग मोजा.

एक मार्ग टाळाच. रोजच्या विक्रीतून कापून घेतली जाणारी झटपट रक्कम. यात व्याजाचा दर सांगत नाहीत, ‘१०० घ्या, १३० परत करा’ एवढंच सांगतात. सहा महिन्यांत समान हप्त्यांनी फेडली तर वार्षिक दर १०० टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डावर प्रेस घेणंही त्याच जातीचं: काही आठवड्यांच्या पैशावर काही वर्षांचं यंत्र.

पायरी ५: वापरलेलं यंत्र

निम्म्या पैशात काम होऊ शकतं, म्हणून हा पर्याय गंभीरपणे पाहा. हाताचा प्रेस जुना घ्यायला उत्तम. हात खाली आणून बाजूने हलवा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर रंग जुळणार नाहीत. प्रत्येक पॅलेटवर सरळ पट्टी ठेवा, मधे उजेड दिसला तर पॅलेट वाकलेला आहे. एकच स्क्रीन सगळ्या पॅलेटवर छापून पाहा, ठसा प्रत्येकावर त्याच जागी आला पाहिजे.

ड्रायर जुना घेताना तो पूर्ण तापवून घ्या. पट्ट्याच्या डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे तापमान मोजा. एका बाजूला ठळक घसरण असेल तर एखादं हीटिंग पॅनेल गेलेलं आहे. पट्ट्याच्या कडा विसविशीत झाल्या असतील तर पट्ट्याची किंमत सौद्यातून वजा करा. एक्सपोजर युनिटच्या दिव्याचे तास विचारा आणि व्हॅक्यूमचं रबर दाबून पाहा. व्हॅक्यूम सुटला की पॉझिटिव्ह आणि इमल्शनमध्ये फट राहते आणि बारीक अक्षरं मिटतात. ऑटोमॅटिक जुनं घेणं जोखमीचं. कंपनी सुटे भाग अजून देते का, हे आधी विचारा.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी. वापरलेल्या यंत्राला कर्ज द्यायला सावकार कचरतात किंवा मूल्यांकन मागतात. आणि विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज त्या यंत्रावर बाकी नाही, याचा लेखी दाखला घ्या. नाहीतर तुम्ही पैसे मोजलेलं यंत्र त्याचा सावकार उचलून नेऊ शकतो.

पायरी ६: अर्ज

कागदपत्रांत नोंदणी, ओळख, १२ महिन्यांचा बँक उतारा, करविवरणं ही नेहमीची. त्यांच्यासोबत पायरी १ ची वही टाइप करून जोडा. ‘महिन्याला सरासरी ६२० शर्टांची मागणी, त्यातली १४० वेळेअभावी नाकारली’ असं एक वाक्य दहा पानी स्वप्नापेक्षा वजनदार असतं. नाकारलेल्या कामाची नोंद बहुतेक जण ठेवतच नाहीत, ती ठेवा. सारख्याच क्षमतेची दोन-तीन कोटेशनं, १२ महिन्यांचा महिनावार पैशाचा अंदाज ज्यात मंदीचे महिने मंद दाखवलेत, आणि कायम गिऱ्हाइकांची पत्रं.

जागेचा भाडेकरार बघितला जातो. कर्ज तीन वर्षांचं आणि जागेचा करार अकरा महिन्यांचा असेल तर प्रश्न येणारच. ड्रायरची धुराची नळी आणि वीजजोडणी दुसऱ्या जागी नव्याने करावी लागते, म्हणून जागामालकाची लेखी परवानगीही जोडा.

मुदत कर्जासोबत खेळत्या भांडवलाची मर्यादा त्याच वेळी मागा. किती? कोरे शर्ट तुम्ही रोखीने घेता, छपाईला १० दिवस आणि गिऱ्हाईक बिलानंतर ३५ दिवसांनी पैसे देतं, म्हणजे ४५ दिवस पैसा बाहेर. महिन्याच्या खरेदीच्या दीडपट. आगाऊ ५० टक्के घेत असाल तर त्यातून वजा करा. यंत्र वाढलं की ऑर्डर वाढते, ऑर्डर वाढली की कोऱ्या शर्टांची खरेदी वाढते. यंत्र आलं पण शर्ट आणायला पैसे नाहीत, ही अवस्था चांगल्या चाललेल्या कारखान्यांवरही येते.

पायरी ७: पैसा मिळाल्यावर

विक्रेत्याला सगळी रक्कम एकदम जाऊ देऊ नका. शेवटचे १० टक्के यंत्र बसवून, तुमच्याच शाईने आणि तुमच्याच डिझाइनने चाचणी छपाई झाल्यावर, अशी अट कोटेशनमध्येच घाला. सावकाराशीही तशीच बोलणी करा. पहिला हप्ता यंत्र चालू झाल्यानंतरच्या महिन्यापासून सुरू होईल इतकी सवलत मागितली तर बऱ्याचदा मिळते, मागावी लागते एवढंच.

चाचणीत ड्रायरमधून निघालेला शर्ट थंड झाल्यावर शाई दोन्ही हातांनी ताणून पाहा. तडकली तर शाई पक्की झालेली नाही. त्याच शर्टाच्या पाच-सहा धुलाया करून घ्या. विमा यंत्र दारात उतरायच्या दिवसापासून चालू हवा. हीटर, कापड आणि द्रावक रसायनं एकाच खोलीत असल्याने आग हा या धंद्यातला खरा धोका आहे.

पहिले तीन महिने वही पुन्हा चालू ठेवा. जादाचे शर्ट ३०० च्या वर जात असतील तर उरलेली रक्कम आधी तीन हप्त्यांच्या गंगाजळीत, मग सुटे भाग घ्यायला: एक हीटर, एक पट्टा, व्हॅक्यूमचं रबर. त्यानंतर मुदतीआधी फेडीचा दंड किती ते करारात पाहून कर्ज कमी करा. तीन महिन्यांनीही आकडा २०० च्या खाली असेल तर यंत्राकडे न बघता दर आणि ऑर्डरी तपासा, आणि पुढचा हप्ता चुकण्याआधी सावकाराला जाऊन भेटा. हप्ता चुकण्यापूर्वी मुदत वाढवून मिळण्याची शक्यता, चुकल्यानंतरपेक्षा बरीच जास्त असते.